सत्यवान कुबलाची तात्काळ मेल

"मेल कधी मिळाली तुम्हाला?" असं वाशीहून जान्हवी मॅडमनी फोनवर विचारलं, तेव्हा सत्यवान कुबलाने खरं ते सांगितलं. खरं सांगून कोणाचं भलं झाल्याचा दाखला तोंडवलीत तरी नव्हता, पण सवय वाईट.

"आजच मिळाली मॅडम. एकदम व्यवस्थित."

"मी ती गुरुवारी पाठवली होती."

"हो मॅडम. पण बाजार सोमवारी असतो ना."

यात आपलं चुकलं काय, हे सत्यवानाला खरोखरच कळलं नाही. तो वाशीच्या एका मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीचा तोंडवलीतला खरेदी अधिकारी. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळी बघायची, कल्ला उघडून रंग पाहायचा, बर्फात घालून गाडी रवाना करायची, हे काम तो अठरा वर्षं करत होता. मासळीला ताटकळत ठेवायचं नाही, हा त्याचा धर्म. कागदाचं तसं नसतं. कागद चार दिवस राहिला म्हणून त्याला काही वास येत नाही. म्हणून सोमवारी मालवणच्या बाजाराला गेला की कांदे-बटाटे घेऊन झाल्यावर तो इंटरनेटच्या दुकानात शिरायचा, आठवड्याच्या मेल छापून घ्यायचा आणि पिशवीत कांद्यांवर घालून घरी आणायचा. गुरुवारच्या त्या मेलमध्ये मॅडमनी 'पुढील सूचनेपर्यंत सुरमई घेऊ नये' असं कळवलं होतं. शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तिन्ही दिवस सत्यवानाने हौसेने, निवडून निवडून, फक्त सुरमई पाठवली होती.

मॅडम वयाने लहान आणि पदाने मोठ्या. अशा माणसाशी कसं बोलावं हे सत्यवानाला कोणी शिकवलं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर कुबल, मेल तात्काळ मिळाली पाहिजे. मी इथे बटण दाबलं की तिथे तुमच्यासमोर. तीस सप्टेंबरला दुपारी चार वाजता मी टेस्ट मेल पाठवीन. दहा मिनिटांत उत्तर आलं तर ठीक. नाहीतर खरेदीचं काम वाशीला आणू, आणि तुम्हालाही."

सत्यवान एकदाच वाशीला गेला होता. तिथल्या खानावळीत त्याच्या पुढ्यात जो बांगडा आला, त्याच्या डोळ्यांकडे बघून त्याला माणसाच्या मयतीला गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. तोंडवली सोडून आपण जगणार नाही, हे त्याला त्या फोननंतर लख्ख कळलं. सुगंधाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते आणखी सोपं करून सांगितलं. "थंयची मासळी तुमका चलात काय? आठ दिवसांत सुकून जातलास." मेल आली नाही तर आपल्याला जावं लागणार, असा सरळ हिशेब होता.

कंपनीने घरासाठी एक जुना संगणक दिला. तो वाशीहून परतणाऱ्या बर्फाच्या गाडीतून आला. वाटेत मासळीच्या दोन टोपल्यांमध्ये त्याची नीट सोय केलेली होती. लोट्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओटीवर, टेबल मांडून सत्यवानाने तो सुरू केला, तेव्हा पाठीमागचा पंखा फिरू लागला आणि घरभर शिळ्या बांगड्याचा वास सुटला. संध्याकाळपर्यंत गावातली सहा मांजरं पडद्यासमोर बसली. पुढे संगणक शिकायला म्हणून शेजारपाजारची माणसं यायची, ती नाकाला रुमाल लावून बसायची. उच्च शिक्षणासाठी माणसं याहून जास्त सोसतात, असं सत्यवान स्वतःला सांगायचा.

पहिल्यांदा त्याने घरच्या फोनवरूनच जोडणी केली. त्यात एक बारीकशी अडचण निघाली. मेल येण्यासाठी फोन इंटरनेटला जोडून ठेवावा लागे, आणि तो जोडलेला असला की बाहेरून कोणाचा फोन लागत नसे. तात्काळ मेल हवी म्हणून सत्यवानाने दोन दिवस फोन जोडूनच ठेवला. त्या दोन दिवसांत बर्फवाला, गाडीवाला आणि सुगंधाची आई यांनी फोन करकरून जीव टाकला. तिसऱ्या दिवशी मॅडमची मेल आली, "दोन दिवस तुमचा फोन लागत नाही. कुठे आहात?" तो फोनसमोरच बसला होता.

बाबली शेजारी म्हणाला, "सत्या, तुझा मूळच चुकता." हा बाबली मुंबईच्या गोदीत पंचवीस वर्षं काढून गावी आलेला. त्यामुळे वीज, लग्न, मूळव्याध आणि परराष्ट्र धोरण हे त्याचे खास विषय होते. "मेल म्हणजे काय ता तुका म्हायत नाय. मेल खंयच थांबणा नाय. थांबता ती पॅसेंजर. तुझी ही वळणावळणार थांबता, म्हणजे ती मेलच न्हय. तुका रूळ नवे घालूक व्हये."

यातलं रेल्वेचं शास्त्र बाजूला ठेवलं तर सल्ला बरोबर होता. ब्रॉडबँड नावाची नवी गोष्ट तालुक्यात नुकतीच उतरली होती. ती घेतली की फोनही चालतो आणि मेलही येते. सत्यवान इस्त्रीचा शर्ट घालून टेलिफोनच्या कचेरीत गेला. कचेरीत गेल्यावर माणूस आपोआप पुस्तकी बोलू लागतो, तसा तोही बोलू लागला.

"लाईन कोणाच्या नावावर आहे?" कारकुनाने विचारलं.

"विठोबा कुबल. माझे वडील."

"त्यांना सहीला समक्ष आणा."

"ते वारले. सात वर्षं झाली."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग सात वर्षं या फोनवर बोलतंय कोण?"

"मीच."

"म्हणजे मयताच्या फोनवर तुम्ही परस्पर बोलता?"

सत्यवानाला आजवर कोणी चोर म्हटलं नव्हतं. आताही कोणी म्हटलं नाही, पण मागच्या रांगेतली माणसं ज्या नजरेने बघू लागली, त्यापेक्षा म्हटलेलं बरं. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र आणायला सांगण्यात आलं. बाकीचे वारस म्हणजे आंबोलीला दिलेली एक बहीण. तो एसटीने आंबोलीला गेला. तिथल्या पावसात छत्रीच्या तीन काड्या मोडल्या. बहिणीने गरम भाकरी वाढली, पाठीवरून हात फिरवला आणि कागद तीनदा वाचला. मग म्हणाली, "आज फोनाक सही मागतंस. उद्या घराक मागशीत." सत्यवान जेवणावरून उठायला निघाला, तेव्हा तिने त्याला खाली बसवलं, रडली आणि सही केली. येताना भिजलेला कागद त्याने पोटाशी धरून आणला. इतक्या जपणुकीने त्याने लग्नात मंगळसूत्रही आणलं नव्हतं.

मग लवू आला. लवू लाईनमन. तारा ओढण्याचं त्याचं काम, पण संगणकातलंही कळतं अशी त्याची ख्याती होती, आणि ती मोडायची संधी अजून कोणाला मिळालेली नव्हती. खांब कमी पडला म्हणून त्याने तार बाबलीच्या माडावरून नेली. बाबलीने हरकत घेतली नाही, फक्त अट घातली. "माझ्या माडावरसून जाता ती मेल माकाय वाचून दाखवक व्हयी." तेव्हापासून बाबली मनगटावर घड्याळ बांधून लोट्यावर बसू लागला. नारळ पाडला की तार हले, तार हलली की जोडणी तुटे. मग चार दिवस नारळच पाडायचे नाहीत असं ठरलं आणि सुगंधाला बाजारातून नारळ विकत आणावा लागला. कोकणात राहून नारळ विकत आणल्याची लाज तिला अजून वाटते.

एवढं होऊनही मेल तात्काळ येईना. कधी दहा मिनिटांनी यायची, कधी अर्ध्या तासाने. लवूने दोन तास शोध घेतला आणि कारण काढलं. संगणक दर तीस मिनिटांनीच मेल आली का ते बघायला जात होता.

"मगे ह्यो मदल्या वेळात काय करता?" सुगंधाने विचारलं.

"बसान रवता," लवू म्हणाला.

"घोवाचो गुण लागलो," ती म्हणाली आणि आत गेली.

लवूने तीस पुसून एक घातलं. आता संगणक दर मिनिटाला बघणार, आणि मेल आली की 'टिंग' असा आवाज करणार. उत्तर पाठवताना कोणतं बटण दाबायचं तेही त्याने दाखवलं. दोन बाण असलेलं बटण दाबायचं, म्हणजे उत्तर सगळ्यांना जातं, कोणी राहत नाही. पहिली टिंग वाजली तेव्हा बाबली उभाच राहिला. मेल परदेशातून आली होती आणि तिच्यात महिन्यात दहा किलो वजन उतरवणारं औषध होतं. आपल्याबद्दल वाशीला कोणी काय सांगितलं, याची चौकशी सुगंधाने पुढे दोन दिवस केली.

एकोणतीस तारखेला तिनेच दाजी गुरवांना बोलावलं. देवळातलं गाऱ्हाणं घालणं आणि कौल लावणं हे दाजींचं काम. नवी होडी पाण्यात उतरवायची असो की घरभरणी, दाजींनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय गावात काही सुरू होत नसे. ईमेलचं त्यांना आधी समजावून सांगावं लागलं. मग त्यांनी संगणकापुढे नारळ ठेवला, मांजरं हाकलली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान घरात ईमेल आणलेली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोट्यावरच्या सगळ्यांनी म्हटलं.

"ती वाशेसून सुटली नि वाटेत खंय अडाकली, कोणी अडवली, कोणाची वायट नजर लागली, माडार चढली नि उतरूक इसारली, तर तिका हाताक धरून हय लोट्यार आणून घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तीस तारखेला दुपारी तीनला वीज गेली. चारला पाच मिनिटं असताना ती आली. त्या पंचावन्न मिनिटांत सत्यवानाने मनातल्या मनात घर आवरलं, होड्यांचा निरोप घेतला आणि वाशीच्या त्या बांगड्याशी पुन्हा नजरानजर केली. चार वाजून काही सेकंदांनी टिंग वाजली.

"इली!" बाबली ओरडला. "सतरा सेकंद!"

मेल इंग्रजीत होती आणि तिच्यावर साऱ्या ऑफिसची नावं होती. सत्यवानाने ती मोठ्याने वाचली. "हेवी रेन ॲट आंबोली. शुड वी सेंड टुमारोज बेळगाव ट्रक बाय घाट? यू आर द लोकल मॅन. प्लीज टेक अ कॉल अँड रिव्हर्ट."

आंबोलीला पाऊस जोरात आहे, उद्याची बेळगावची गाडी घाटाने सोडायची का, तुम्ही इथले माणूस आहात, इतकं सरळ लागलं. अडलं ते शेवटी. कॉल म्हणजे फोन. टेक म्हणजे घ्या. म्हणजे मॅडम फोन करणार आणि आपण तो घ्यायचा. सत्यवान फोनवर हात ठेवून बसला. तीन मिनिटं गेली. फोन गप्प.

"अरे, फोन करूचो हुतो तर मेल कित्याक धाडल्यान?" बाबलीने घड्याळावरची नजर न काढता विचारलं. "नीट वाच. तू हयचो माणूस, असा लिवला हा. पावसाचा इचारल्यान हा. आता पावसाचा कोण सांगतलो? तू? मी? ह्यो फोनाचो कॉल न्हय रे. कौल! देवाचो कौल घे म्हणता ती!"

लोट्यावर एकदम उजेड पडल्यासारखं झालं. सत्यवानाला तर मॅडमबद्दल आजवर वाटलेल्या सगळ्या वाईट गोष्टींची शरम वाटली.

सुगंधा मॅडमबद्दल म्हणाली, "चेडू बऱ्या घरातला दिसता."

सगळे देवळाकडे धावले. दाजी झोपले होते. त्यांना उठवलं, त्यांनी आंघोळ केली, सोवळं नेसलं. मग देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि विचारणा केली. गाडी घाटाने सोडायची तर उजवा दे, नको तर डावा दे. आणि सगळे पाकळ्यांकडे बघत बसले.

पाकळ्या हलेनात. चार वाजून वीस मिनिटं झाली. साडेचार झाले.

"दाजी, जरा बेगीन होयत काय?" सत्यवान हळूच म्हणाला. "वाशेन दहा मिन्टां दिली हत."

दाजींनी वळून पाहिलं. "देवाक मिन्टां सांगतंस? देव काय तुझ्या कंपनीत नोकरेक आसा?"

पावणेपाचाला डावी पाकळी सुटून खाली आली. नको म्हणतो. (दुसऱ्या दिवशी आंबोली घाट सताड उघडा होता आणि गाड्या शीळ घालत गेल्या, पण देवाचं आपल्याला काय कळतंय?) सत्यवान धोतर सावरणाऱ्या बाबलीला मागे टाकून घरी धावला, आणि धापा टाकत त्याने आयुष्यातलं सर्वांत सावध इंग्रजी लिहिलं. "रिस्पेक्टेड मॅडम, ॲज पर युवर ऑर्डर कॉल टेकन. लेफ्ट साइड फेल डाऊन. गॉड इज सेइंग नो. डिले इज फ्रॉम गॉड साइड." मग दोन बाणांचं बटण दाबलं. तेव्हा चार अठ्ठावन्न झाले होते.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"मिस्टर कुबल, ही काय थट्टा आहे? संपूर्ण ऑफिसला गेलीय ही मेल! मालकांना गेलीय! कॉल घ्या म्हणजे निर्णय घ्या!"

"तोच घेतला मॅडम."

"तो तुम्ही घ्यायचा होता!"

"मी? आंबोलीच्या पावसाचा?"

"अठ्ठावन्न मिनिटं लागली तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. " पंधरा दिवसांत वाशीला हजर व्हा."

सत्यवानाने फोन ठेवला. लोट्यावर कोणी काही विचारलं नाही, कारण मॅडमचा आवाज बाहेर अंगणातल्या खळ्यापर्यंत पोचला होता. आपण वाईट माणूस नाही, कामचुकार नाही, मेल यावी म्हणून मेलेल्या बापाची, जित्या बहिणीची आणि देवाची सही आणली, तरी आपल्याला गावातून उचललंच. त्याला रडायला आलं. बाबलीने पहिल्यांदाच घड्याळ काढून खिशात ठेवलं.

टिंग.

कोणी उठेना. शेवटी सत्यवानानेच पाहिलं. नाव कंपनीच्या मालकांचं होतं, परशुराम शेठचं. हे शेठ मूळचे खारेपाटणकडचे असं नुसतं ऐकिवात होतं. अठरा वर्षांत त्यांची ना कधी चिठ्ठी आली होती, ना त्यांच्या तोंडून कोणी मालवणी शब्द ऐकला होता. मेल एका ओळीची होती, अक्षरं इंग्रजी, पण भाषा घरची.

"उजवो काय डावो?"

सत्यवानाने चाचपडत लिहिलं, "डावो."

टिंग. "मगे गाडी घाटान हलवची नाय. माल हमरस्त्यान वाशेक घाल. जान्हवीक मी सांगतंय."

"व्हय शेठ."

टिंग. "आणि तुझ्या बदलीचो कौल घेतलंस?"

सत्यवानाचे हात थांबले. बाबली कानाशी लागला, "लिव, घेतलो. डावो पडलो. वाशेसून कोण बघूक येता?"

लिहायला काहीच अवघड नव्हतं. देऊळ शंभर पावलांवर होतं आणि देव कोणाला सांगायला जात नाही. पण अठरा वर्षांत सत्यवानाने शिळी मासळी ताजी म्हणून कधी गाडीत घातली नव्हती. त्याने एकेक अक्षर शोधून लिहिलं, "नाय. घेवक भियालंय. उजवो पडलो असतो तर?"

मेल गेली. संगणक दर मिनिटाला बघायला जात होता आणि रिकाम्या हाताने परत येत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. सुगंधा हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. शेठ रागावले असणार, असं सत्यवानाने धरून टाकलं.

टिंग.

"मुंबयेक येताना मी पण असोच भियालंय. कौल घेवक नाय. चाळीस वर्सां झाली. तू थंयच रव."

सत्यवानाने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग त्याला पुढचं दिसेना. सुगंधा घाबरून पुढे झाली.

"काय लिवल्यानी? खंय घातल्यानी बदली?"

"खंयच नाय."

"मगे रडतास कित्याक?"

सत्यवानाने पंचाने डोळे पुसले आणि पडद्यावरच्या त्या ओळीकडे बोट केलं.

"तेंका तेव्हा कोणी रव म्हणूक नाय गो."